बोट लागू नये म्हणून: पहिल्या क्रूझआधी औषध कसं निवडायचं

तिकिटं निघाली, केबिन ठरली, पोरांचे पोहायचे कपडे आले आणि निघायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं, "अगं, आईंना बोट लागते ना?" मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये धावपळ, आणि काउंटरवर जी पट्टी हाती येईल ती पिशवीत.

माझ्या पहिल्या प्रवासात असंच झालं होतं. कोचीहून लक्षद्वीपला जाणारं जहाज, रात्रभराचा प्रवास. गोळी पर्समध्ये होती, पण "त्रास झालाच तर घेईन" असं मी ठरवलं होतं. बंदर मागे पडून तासभर झाला असेल. आधी जांभया सुरू झाल्या. मला वाटलं, पहाटे उठल्यामुळे असेल. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं, कपाळावर गार घाम आला. तेव्हा गोळी घेतली, ती दहा मिनिटांत उलटीबरोबर बाहेर पडली. पुढची सगळी रात्र भिंतीकडे तोंड करून काढली. समोरच्या बर्थवर दोन लहान मुली होत्या. त्यांच्या आईने बंदरावर पोचायच्या आधीच त्यांना औषध दिलं होतं. त्या सकाळी खिडकीशी बसून उडते मासे मोजत होत्या.

गोळी माझ्याकडेही होती. चुकली ती वेळ. म्हणून हा लेख लिहिताना माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: औषध पोटात आधी गेलं पाहिजे आणि ते घेणाऱ्या माणसाला मानवणारं असलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

मळमळ नेमकी कशाने होते

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. केबिनमध्ये बसल्यावर डोळ्यांना भिंती, पलंग, टेबल सगळं स्थिर दिसतं, आणि कान मात्र सांगत असतो की आपण वर-खाली होतोय. दोन साक्षीदार वेगवेगळं सांगायला लागले की मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा दोन्ही बाजूंनी निकामी झालेली असते, त्यांना बोट लागतच नाही. म्हणजे मूळ दुखणं पोटाचं नाहीच. हे एकदा ध्यानात आलं की कोणतं औषध उपयोगाचं आणि कोणतं नाही, हे अर्धं आपोआप कळतं.

सगळ्यात जास्त त्रास देतात त्या संथ लाटा, साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली करणाऱ्या. मोठं जहाज धक्के खात नाही, पण असं संथ डोलतं. म्हणूनच "एवढं मोठं जहाज, त्यात काय लागणार" या भरवशावर राहू नका.

शिवाय मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. त्यानंतर घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते किंवा उलटीतून जाते. आधी घ्या असं सांगतात ते याचसाठी.

पहिली पायरी: घरात कुणाला लागणार, ते ओळखा

वरंध घाटात किंवा आंबेनळीत गाडी लागते का? गाडीत मोबाइल वाचला की डोकं फिरतं का? अर्धशिशीचा त्रास आहे का? यातल्या एकालाही "हो" म्हणालात तर औषध लागेल असं धरून चाला. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, दोनच्या आतल्या बाळांना क्वचित. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात अधिक.

आणि ज्याला लागते त्याला चिडवू नका. इंग्लंडचा नामांकित दर्यावर्दी नेल्सन, त्याला आयुष्यभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि त्याचा त्रास शेवटपर्यंत सुटला नाही. इथे धीटपणाचा संबंध नाही, कानाच्या रचनेचा आहे.

अंदाज घ्यायचा असेल तर गेटवेहून मांडव्याला लाँचने एक फेरी मारून या. तासाभराचा प्रवास आहे. लाँचचं हलणं आणि क्रूझचं डोलणं एकसारखं नसतं, पण आपलं शरीर कसं वागतं ते कळतं. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा हे पावसाळ्याआधीच उरकून घ्या.

दुसरी पायरी: केबिन आणि हंगाम

हे औषध नव्हे, पण औषधाचं निम्मं काम करतं, आणि बुकिंग झाल्यावर हातात राहत नाही. सी-सॉवर मधे बसलेलं पोर कमी हलतं, टोकाला बसलेलं जास्त. जहाजाचं तसंच. लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते. पुढच्या टोकाची वरची केबिन देखणी असते, महाग असते आणि बोट लागणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट असते. मुंबईहून २०२१ पासून फिरणारी 'एम्प्रेस' सुमारे २१० मीटर लांब आहे. एवढ्या लांबीत मध्य आणि टोक यांतला फरक चांगलाच जाणवतो. जहाजाला डोलणं कमी करणारे पंख असतात. ते डाव्या-उजव्या हेलकाव्यांना आवरतात, पुढून-मागून होणाऱ्या आपटण्याला फारसं नाही.

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. पहिलाच प्रवास असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. समुद्र शांत मिळाला तर औषध कदाचित लागणारही नाही.

तिसरी पायरी: औषधाची निवड

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो. आणि आधीच सांगते: खाली दिलंय ते डॉक्टरांशी बोलताना तुमच्या मनात चित्र स्पष्ट असावं म्हणून. ज्यांना रोजची औषधं चालू आहेत त्यांनी विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

*ॲव्होमिन.* आपल्याकडे घराघरात माहीत असलेली गोळी. आत प्रोमेथाझिन असतं, २५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाने लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना एक, किंवा छोट्या प्रवासासाठी निघायच्या एक-दोन तास आधी एक, ही तिची नेहमीची पद्धत. असर बराच वेळ, जवळजवळ दिवसभर राहतो. म्हणून रात्रीच्या जहाजाला किंवा तीन-चार दिवसांच्या क्रूझला ती सोयीची. तिचा दोष एकच पण मोठा: झोप. काहींना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडवत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन अजिबात देऊ नये, त्यांचा श्वास मंदावू शकतो. मोठ्या मुलांनाही किती आणि कोणतं, ते मुलांच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

*सिनॅरिझिन.* स्टुजेरॉन या नावाने मिळतं. प्रवासाच्या दोन तास आधी आणि मग गरज असेल तर आठ-आठ तासांनी. ॲव्होमिनइतकी गुंगी बहुतेकांना येत नाही. ज्यांना दिवसा जागं राहून समुद्र बघायचाय त्यांच्यासाठी मी आधी हिचंच नाव घेईन. मात्र पार्किन्सन असलेल्यांनी हिच्यापासून लांब राहावं. वयस्कर माणसांनी महिनोन् महिने चालू ठेवायची ही गोळी नव्हे. चार दिवसांच्या प्रवासापुरतं ठीक.

*डायमेनहायड्रिनेट आणि मेक्लिझिन.* परदेशातल्या क्रूझवर या दोघांची नावं कानावर येतील. अमेरिकेत राहणारी भाचरं 'ड्रामामाइन' म्हणतात ते मूळचं डायमेनहायड्रिनेट. अर्धा ते एक तास आधी घ्यायचं, असर चार ते सहा तास, म्हणून छोट्या बोटीला बरं. मेक्लिझिन तासभर आधी घ्यायचं, ते दिवसभर पुरतं आणि झोप थोडी कमी आणतं. 'ड्रामामाइन' नावाच्या एका प्रकारात मेक्लिझिनच असतं, तेव्हा डबीवरचं नाव न बघता आतल्या औषधाचं नाव वाचा.

*कानामागचा पॅच.* यात स्कोपोलामिन असतं. धोतऱ्यासारख्या वनस्पतींत सापडणारं हे द्रव्य. (आणि म्हणून कुणी धोतऱ्याचा घरगुती प्रयोग करू नये. तो जीव घेतो.) कानामागच्या कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर निघायच्या किमान चार तास आधी चिकटवायचा. एक पॅच तीन दिवस चालतो. लांबच्या, खवळलेल्या प्रवासासाठी हा फार प्रभावी उपाय आहे. पण आपल्याकडे सहजी मिळत नाही, अमेरिकेतही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तोंड कोरडं पडतं, जवळचं अंधुक दिसतं. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन दिवसभर प्रकाश सहन होत नाही. मुलांना लावू नये. अर्धा कापून तर कुणालाच लावू नये.

आता ज्येष्ठांविषयी, आणि हे कृपया वाचून सोडून देऊ नका. वर सांगितलेल्या बहुतेक औषधांनी लघवी अडू शकते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारलंच पाहिजे. माझ्या बाबांना प्रोस्टेट होतं आणि आम्ही त्यांना न विचारता दोन दिवस गोळी दिली. तिसऱ्या रात्री ते दर अर्ध्या तासाने बाथरूममध्ये जात होते आणि लघवी होत नव्हती. पोट फुगलं होतं, बोलत मात्र काही नव्हते, आमची सहल बिघडू नये म्हणून. शेवटी जहाजावरच्या डॉक्टरांना नळी घालावी लागली. त्या रात्रीचा त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

गरोदर असाल तर प्रसूतितज्ज्ञांनी लिहून दिलेलंच घ्या. झोपेची, नैराश्याची, ॲलर्जीची गोळी चालू असेल तर तेही सांगा. आणि यांपैकी कुठल्याही औषधाबरोबर दारू नको. क्रूझवर ती हाताशी असते म्हणून मुद्दाम लिहितेय. गुंगी दुप्पट होते आणि हलत्या जिन्यावरून पडायला वेळ लागत नाही.

पट्टी ओळखीची, पण या कामाची नाही

ऑन्डॅन्सेट्रॉन, म्हणजे एमिसेट वगैरे. पोट बिघडून उलट्या होत असतील तेव्हा ती उत्तम गोळी आहे, पण बोट लागणं ती रोखत नाही. मुळात दुखणं कानाचं आहे ना. डॉमस्टालचंही तसंच. व्हर्टिन ही चक्करेच्या वेगळ्या आजारावरची गोळी, प्रवासासाठी नव्हे. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या नव्या गोळ्या ॲव्होमिनच्या कुळातल्या असल्या तरी तेवढी झोप आणत नाहीत, आणि बोट लागण्यावर चालतही नाहीत. स्टेमेटिल उलटी थांबवायला डॉक्टर देतात, पण लहान मुलांत आणि तरुणांत कधीकधी मान वाकडी होते, जबडा आवळतो. ती स्वतःहून घेऊ नका.

आलेपाक, मनगटपट्टा आणि बाकीचं

सुंठीचं पाणी, आल्याचा तुकडा, आलेपाक यांना मी पिशवीत नेहमी जागा देते. अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, पण आल्याने मळमळ थोडी हलकी होते असं बऱ्याच जणांना जाणवतं आणि झोप येत नाही. साधारण एक ग्रॅम सुंठ पूड, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, निघायच्या आधी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा. हलका त्रास होणाऱ्याला एवढ्याने भागेल. ज्याला वरंध घाटात तीन वेळा गाडी थांबवावी लागते, त्याने एकट्या आल्यावर विसंबू नये.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं कोपराकडे, दोन शिरांच्या मधे दाबणारा पट्टा मिळतो. पुरावा कमकुवत आहे, अपाय मात्र नाही. गोळीच्या जोडीला बांधलात तर बिघडत नाही. गरोदर बायका आणि ज्यांना कुठलंच औषध चालत नाही त्यांनी जरूर करून बघावा. ऑनलाइन मिळणाऱ्या 'हर्बल' पॅचवर माझा विश्वास नाही. त्यांत स्कोपोलामिन नसतं, आणि दिसायला सारखे असल्यामुळे लोक फसतात. वर्तमानपत्रावर बसायचा उपाय एसटीतून चालत आला आहे. त्याने बोट लागायची थांबत नाही.

चौथी पायरी: घरी करून बघा

प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घरी घेऊन बघा. गाडी चालवायची नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही. किती वेळाने झोप आली, कधी उतरली, तोंड किती कोरडं पडलं, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. काही मुलं ॲव्होमिनने झोपायच्या ऐवजी उलट चिडचिडी होतात आणि रात्रभर नाचतात. ते घरीच कळलेलं बरं. माझ्या बहिणीला ॲव्होमिनने अठरा तास झोपवलं होतं. रविवारी कळलं म्हणून निभावलं. तिने मग डॉक्टरांना विचारून सिनॅरिझिन नेलं आणि तिन्ही दिवस डेकवर होती.

पाचवी पायरी: वेळ लिहून ठेवा

समजा, मुंबईहून संध्याकाळी पाचला जहाज सुटणार, तीन रात्री. ॲव्होमिन असेल तर आदल्या रात्री झोपताना एक, मग जहाजावर रोज रात्री झोपताना एक, तेही समुद्र हलता असेल तरच. सिनॅरिझिन असेल तर दुपारी तीनला पहिली. पॅच असेल तर सकाळच्या आंघोळीनंतरच, कारण बॅलार्ड पियरला चेक-इन करण्यातच दुपार जाते. औषध हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला रात्र होते, आणि नेमकी त्यातच पट्टी अडकते.

त्या दिवशी उपाशी राहू नका, तुडुंबही जेवू नका. दुपारी वरण-भात, दही-भात, पोळी असं साधं. तळलेलं आणि फार तिखट दुसऱ्या दिवसावर ढकला. जहाजावरचा बुफे कुठे पळून जात नाही.

तरीही मळमळायला लागलं तर

जांभया, तोंडाला पाणी, चेहरा पांढरा पडणं, अचानक गप्प होणं ही पहिली लक्षणं. मुलांना सांगता येत नाही, तेव्हा नेहमी बडबडणारं पोर गप्प झालं की उठा. मोबाइल बंद. मधल्या भागातल्या उघड्या डेकवर या आणि क्षितिजाची रेघ बघत राहा, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगायला लागतात. बाहेर येणं शक्य नसेल तर उताणं पडून डोळे मिटा, डोकं हलू देऊ नका. डिझेलचा धूर आणि स्वयंपाकघराचा वास येतो तिथे थांबू नका. कोरडी बिस्किटं, चुरमुरे, घोट-घोट पाणी. उलट्या झाल्याच तर ओआरएस. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर जहाजावरच्या दवाखान्यात जा. तिथे इंजेक्शन देतात, आणि ते उलटीतून बाहेर पडत नाही. फी विचारून घ्या, ती बहुधा तिकिटात नसते.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बऱ्याच बेटांवर मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. बाहेरच थांबतं आणि छोट्या बोटीतून तुम्हाला नेतात. जहाजावर दोन दिवस खुशाल असलेली माणसं त्या अर्ध्या तासात ओकतात. तेव्हा "आता सवय झाली" म्हणून त्या सकाळी औषध चुकवू नका. बोटीत मागच्या बाजूला बसा, किनाऱ्यावरचा माड नजरेत धरा.

बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. मग गोळी कमी करता येते.

उतरल्यावर

घरी आल्यावर बाथरूममध्ये उभं राहिलं की जमीन डोलल्यासारखी वाटते. एक-दोन दिवसांत जातं. ते महिनाभर टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पॅच काढल्यावर काहींना दिवसभर चक्कर आणि मळमळ होते, तीही बोट लागल्यासारखीच. आणि शेवटच्या रात्री गोळी घेतली असेल तर बंदरावरून स्वतः गाडी चालवत पुण्याला निघू नका. ड्रायव्हर बोलवा किंवा ट्रेन धरा.